स्पॅनिशचे पहिले धडे

नवी भाषा शिकावयाची म्हणजे पुन्हां लहान मूल व्हावयाचें, हें आम्हांस स्पॅनिश शिकूं लागल्यावर कळलें. आरंभीं मात्र आम्हांस मोठा गर्व चढला. इंग्रजांस जड जाणारे 'त' आणि 'द' हे दंत्य वर्ण आमच्या जिभेवरच होते. 'पागार' म्हणजे पैसे देणें, हें क्रियापद तर पोर्तुगीजांकडून आलेल्या आपल्या 'पगारा'चें भावंडच निघालें! 'पागो' म्हणजे मी देतों, 'पागास' म्हणजे तूं देतोस. मराठीप्रमाणेंच क्रियापदाच्या रूपावरून कर्ता ओळखावा.

एके दिवशीं शेजारच्या मित्रानें 'पेरो' या शब्दांतील 'र' जरा जास्त घोळविला, आणि 'परंतु'चा एकदम 'कुत्रा' झाला! आम्ही पोट धरून हसलों. तो बिचारा खालीं बसला, व पुढें आठवडाभर त्यानें तोंड उघडलें नाहीं.

मग आमची पाळी आली. 'असणें' यास स्पॅनिशमध्यें दोन क्रियापदें: बहुधा स्वभावास 'सेर' आणि स्थितीस 'एस्तार'. आम्हांस कंटाळा आला होता. परंतु 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणावयाचें तेथें आम्ही 'सोय आबुर्रिदो' म्हणालों. अर्थ झाला, 'मी कंटाळवाणा आहें!' सारा वर्ग हसला. हसला नाहीं तो एकटा तो मित्र. त्यानें हळूच योग्य क्रियापद सुचविलें.

'पेर्दोन', म्हणजे क्षमा, हा शब्द आम्हांस पाठ होता. त्याचा खरा उपयोग त्या दिवशीं प्रथम केला. आतां आम्ही दोघे मिळून मोठ्यानें धडे म्हणतों, आणि निर्भयपणें चुकतों.