जंबेरीच्या खुंटावर

नागपूरची संत्री झाडावर पाहायची असतील, तर नागपुरात थांबू नये. काटोलचा रस्ता धरावा, जलालखेड्याच्या पुढे वर्धा नदी ओलांडावी आणि अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला यावे. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, आणि तिच्या पायथ्यापर्यंत काळ्या जमिनीत संत्र्याच्या बागाच बागा. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराची फळे हिरवेपणा सोडू लागतात. पिवळी म्हणावीत की केशरी, असा संभ्रम पडावा इतपत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची तिथे बाग आहे. त्याच्या आईला सारा गाव काकू म्हणतो, म्हणून मीही काकूच म्हणतो. बागेत शिरताच त्याने खाली वाकून एका बुंध्याचे कोवळे धुमारे खुडले. "सर, हे जंबेरीचे," तो म्हणाला. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या रोपावर बांधतात, हे मला तिथे कळले. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचे, भलतेच आंबट लिंबू. वर गोड संत्रे मिरवते, जमिनीतले पाणी मात्र जंबेरी शोधते. तिला वर डोके काढू दिले, की ती कलमालाच मागे टाकते. जवळच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत अशी कलमे तयार होतात.

या झाडाचे लाड आणि छळ दोन्ही होतात. डिसेंबरात पाणी तोडायचे, झाडाला तहानेने पाने गाळू द्यायची, आणि मग पाणी सोडले की ते फुलांनी लदबदते. याला 'ताण देणे' म्हणतात. (वर्गातल्या मंडळींवर हा प्रयोग मी अजून केलेला नाही.) पण ताण आता माणसांनाही आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर पाडले, आणि पाणी आणखी खाली गेले. बांगलादेश हे या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्याने 2019 नंतर आयातशुल्क वाढवत नेले आणि भाव कोसळले. रस काढून ठेवावा, तर नागपुरी संत्र्याचा रस काही तासांतच कडवट होऊ लागतो. तो कडूपणा फळाच्या बियांत आणि पडद्यांत दडलेला असतो. तेव्हा हे फळ ताजेच संपवावे लागते, आणि बारीक फळाला तर व्यापारी हातच लावत नाही.

ती बारीक फळे काकूंच्या स्वयंपाकघरात येतात. त्या दिवशी जेवणात मेथीचा घोळाणा होता. कोवळी कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, दाण्याचा कूट. शहरातल्या हॉटेलात याला सॅलड म्हणतील आणि वर बाटलीतले काहीतरी ओततील. काकूंनी ते 'काहीतरी' माझ्यासमोर केले.

दोन बारीक संत्री सोलण्याआधीच त्यांची केशरी साल किसणीवर अलगद ओढली, चमचाभर. आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू. "सालटं काहून फेकता जी तुम्ही लोकं? वास तं त्यातच असते," काकू म्हणाल्या. खरेच आहे. संत्र्याचे सुगंधी तेल सालीत असते. रस अर्धी वाटी निघाला. बिया चिरडू न देता, हलक्या हाताने. त्यात जंबेरीचा रस दोन चमचे. नुसत्या संत्र्याच्या रसाने पाल्याला चव येत नाही, गोडमिट्ट लागते. जमिनीखाली जी जंबेरी लागते, तीच वाटीतही लागते!

मग अर्धा चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात फेसली. आंबट आधी घातले, तर मोहरी नाकात चढत नाही. फेसलेली मोहरी रसात गेली, मीठही तिथेच, कारण तेलात ते विरघळत नाही. शेवटी फल्लीचे तेल पाच चमचे, बारीक धारेने, सतत घोटत. शेंगदाण्याला तिकडे फल्ली म्हणतात. तेल आणि रस यांचे एरवी जमत नाही. फेसलेली मोहरी मध्यस्थी करते आणि दोघे दाट, पिवळसर होऊन काही वेळ एकत्र नांदतात. पुन्हा फारकत झाली, तर पुन्हा घोटायचे.

आपण कोशिंबिरीवर लिंबू पिळून मोहरीची फोडणी देतो, तेव्हा सामग्री हीच असते. फक्त इथे तेल गार असते आणि मोहरी फेसलेली.

हे पाल्यावर ताट वाढतानाच घालावे, नाहीतर मिठाने मेथी मान टाकते. पहिल्या घासाला मेथीचा कडूपणा येतो, मागून मोहरी, आणि सगळ्यात शेवटी सालीचा वास. मी तीनदा वाढून घेतला. काकूंनी निघताना पिशवीत चार जंबेऱ्या घातल्या. शहराच्या मंडईत त्या सहसा मिळत नाहीत. तिथे कागदी लिंबू चालेल, पण दोन चमच्यांऐवजी दीडच घ्यावा. आणि केले तेवढे त्याच दिवशी संपवावे.