आमचं मॅन्युअल आणि माझं मराठी

मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत सलग एक पान लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी लिहितेय, कारण निमित्तच तसं घडलं.

आमच्या मेसचं बिल काढणारं सॉफ्टवेअर सीनियर्सनी लिहिलं आणि ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे कोणीही उघडा, वाचा, सुधारा! यंदा ते आम्हा चौघींच्या गळ्यात पडलं. कोड चालत होता. पण गैरहजेरीची सूट कुठे भरायची, हे मेसच्या काकांसाठी लिहिलेल्या मराठी मॅन्युअलमध्ये होतं. ते उघडलं तर काय, पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट आता कोणाकडेच नव्हता. काकांनी दोन महिने वहीत हिशोब मांडला. त्यात बारा जणींना जादा बिल गेलं.

नवं मॅन्युअल लिहायचं ठरलं आणि भांडण सुरू झालं. मला लाटेक हवं होतं, प्रोजेक्ट रिपोर्टला वापरतो ते. छापील पान काय देखणं येतं! रूममेट म्हणाली, "आणि आपण पासआऊट झाल्यावर काकांना एक ओळ बदलायची असेल तर?" मी गप्प.

मग शोधाशोध केली. पायथॉनचं डॉक्युमेंटेशनही आधी लाटेकमध्येच होतं. २००८ साली आलेल्या २.६ आवृत्तीच्या वेळी ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणलं गेलं. लिनक्स कर्नलनेही २०१६ पासून डॉकबुकचे टॅग सोडून हाच रस्ता धरला. लाटेकची फाईलही साधा मजकूरच असते, पण कंस आणि तिरप्या रेघांच्या गर्दीत वाक्य हरवतं. इथे खुणा इतक्या मोजक्या, की मूळ फाईलसुद्धा सरळ वाचता येते.

आम्ही त्याहून सोपं मार्कडाऊन घेतलं, अर्थात युनिकोडमध्ये. शीर्षकाआधी हॅश, यादीला आडवी रेघ, झालं! मूळ मार्कडाऊनमध्ये तक्ता नाही, म्हणून बिलाचा नमुना ओळीओळीने लिहावा लागला. तेवढी किंमत मोजली.

पहिली दुरुस्ती काकांनीच केली, साध्या नोटपॅडमध्ये. मी लिहिलं होतं, "इथे सूट घाला." काका म्हणाले, "ताई, सूट लग्नात घालतात. बिलातून ती वजा करतात!"

माझी देखणी पीडीएफ हातात दिली असती, तर काका हसून गप्प बसले असते आणि ती चूक तशीच राहिली असती. आता फाईलच्या इतिहासात त्या ओळीपुढे काकांचं नाव आहे. माझं नाव त्याच्या वर, चूक करणारी म्हणून!