मुदत संपलेले रंग

अण्णांच्या निधनानंतर त्यांचे कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याशेजारी रंगीत फिल्मचे चार कोरे रोल सापडले. खोक्यांवरील मुदत २००३ सालीच संपलेली होती. आई म्हणाली, "टाकून देऊ नकोस. त्यांनी हौसेनं आणले होते."

मुदत संपली म्हणून फिल्म निकामी होत नाही, ती मंदावते. तिच्यावरील जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. काळ आणि उष्णता यांमुळे त्यांची ग्रहणशक्ती घटते, आणि सर्व थर सारख्या गतीने जीर्ण होत नसल्याने रंगांचा तोलही ढळतो. दर दहा वर्षांमागे प्रकाश दुप्पट द्यावा, असा छायाचित्रकारांचा ढोबळ नियम आहे. वीस वर्षे उलटल्यामुळे २०० क्षमतेची फिल्म मी ५० ची समजून वापरली.

मांजरीतच दोन रोल संपवले. मुळा-मुठेचा काठ, द्राक्षांचे मांडव, उसाची उरलीसुरली शेते आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या इमारती. छायाचित्रे हाती आली तेव्हा हिरवा रंग पिवळटला होता, सावल्यांवर जांभळट झाक होती आणि सर्वत्र रवाळपणा होता. तरीही मांजरी ओळखू येत होती. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे शब्द प्रवचनांत अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिले.

छायाचित्रे पाहता पाहता आईने विचारले, "हे जिलेटिन कशापासून करतात रे?"

उत्तर मला ठाऊक होते, पण ते उच्चारणे जड गेले. जनावरांची हाडे आणि कातडी. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने छायाचित्रणासाठी जिलेटिनचा उपयोग सुचवला, आणि पुढे फिल्मचा सारा संसार त्यावरच उभा राहिला. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण कशाचे, हे विचारल्याखेरीज ती न घेणारे आमचे घर! पाणी गाळून पिणाऱ्या, सूर्यास्तानंतर अन्न न घेणाऱ्या अण्णांनी साधूंच्या चातुर्मास प्रवेशाची छायाचित्रे याच फिल्मवर टिपली होती.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं. आता तुला माहीत आहे."

उरलेले दोन रोल फेकले म्हणून कोणताही जीव परत येणार नाही, हे खरे. जुनी फिल्म वापरल्याने नवी हिंसा घडत नाही, असा युक्तिवादही मनाने करून पाहिला. परंतु आपल्याकडे दोष केवळ कृत आणि कारित यांचा नसतो, अनुमोदनाचाही असतो. अशा जुन्या रोलांना आज हौशी लोक चांगली किंमत देतात. मीही आणखी काही विकत घेण्याच्या विचारात होतो. तो विचार सोडला.

एका रोलवर आईची छायाचित्रे काढली. तिची पांढरी साडी फिकट गुलाबी उमटली आहे. चेहरा मात्र तिचाच. चौथा रोल कपाटात तसाच ठेवला आहे. अण्णांचे अल्बमही जपले आहेत. यंदाच्या पर्युषणात प्रतिक्रमण करताना ज्यांची नावे कधीच कळणार नाहीत अशा त्या मुक्या जीवांची मी प्रथमच क्षमा मागितली, अण्णांच्या वतीने आणि माझ्याही.