ताडाच्या नऊ बिया

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने अळू लावावे, वांगी लावावीत, फार तर एखादी केळ. ताड लावू नये, असा आमच्या वसईच्या वाड्यांतून समज आहे. तरीही २०२३ च्या सप्टेंबरात, मरियामातेच्या जन्मसणाच्या आठवड्यात, आम्ही पतिपत्नींनी बावखलाच्या काठी ताडाच्या नऊ बिया पेरल्या. पावसात गळलेली तीन पिकली फळे मिळाली होती; प्रत्येकात तीन बिया. आम्हां दोघांच्या वयांची बेरीज तेव्हा १४३ भरत होती.

बाणवली नारळ सहा-सात वर्षांत धरतो. तेवढे दिवस देवाने आम्हांला कदाचित दिलेही असतील. ताड मात्र बारा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक, फुलतच नाही. शिवाय त्यात नर वेगळा, मादी वेगळी. ताडगोळे मादीलाच येतात, आणि कोणते रोप कोणते हे फुलोरा येईतो ओळखता येत नाही. म्हणजे आपण नेमके काय पेरले, हेसुद्धा आम्हांला कळावयाचे नाही.

आणखी एक गोष्ट. ताडाचे बी रुजते तेव्हा कोंब वर न येता आधी खाली, खोल जमिनीत जातो. पहिले पान दिसायला महिने लागतात. मागाहून रोप उपटून दुसरीकडे लावू म्हटले तर ते सहसा जगत नाही. परदेशी नोकरीस असलेल्या आमच्या मुलाला हे पटेना. "पप्पा, कुंडीत लावा ना! उद्या जागेचे काय होईल, कोणी सांगावे?" तो फोनवर म्हणाला. पलीकडचे बावखल बुजले, तेथे इमारत उभी राहिली, आणि दोन उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. आम्ही मुलावर रागावलो नाही. त्याचा प्रश्न रात्री आम्हीही एकमेकांना विचारीत असतो.

ज्या ताडांचे गोळे लहानपणी, मे महिन्याच्या दुपारी, हनुवटीवरून पाणी ओघळेपर्यंत आम्ही खाल्ले, ते कोणी लावले होते? आमच्या वडिलांनाही ते ठाऊक नव्हते. बहुधा कोणी लावलेच नसतील. फळ पडून रुजले असेल. पण वाडी खुरपताना कोणीतरी ते रोप उपटले नाही, एवढे खरे.

नऊपैकी पाच बिया उगवल्या. २०२४ च्या नाताळात मुलगा सहकुटुंब आला. नातीने पाचही रोपांना नावे ठेवली आणि सर्वांत खुजे आपले म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलाने, काही न बोलता, बावखलाच्या बाजूने बांबूचे कुंपण घातले. ते गुरांपासून रोपे राखण्यासाठी की जागेची हद्द आखण्यासाठी, हे आम्ही त्याला विचारले नाही.