चप्पल लाइनमधली एक संध्याकाळ

दिवाळीच्या सुटीत आम्ही मायलेकी कोल्हापूरला खालाकडे गेलो. दोघींच्याही पायांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. डॉक्टरांनी त्याला 'बनियन' म्हटलं, तेव्हा अम्मी हसली, "बनियन तर तुझे अब्बू घालतात!" हा त्रास पुष्कळदा घराण्यातूनच येतो, निमुळते, उंच टाचांचे जोडे तो वाढवतात. त्यापायी अम्मीने लग्नकार्याला जाणंच सोडलं होतं.

दुपारी चप्पल लाइनमधली तीन दुकानं पालथी घातली. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण अम्मीच्या पायात तिचा अंगठा रुतायचा, पट्टा नेमका गाठीवर घासायचा. चौथ्या दुकानातले वयस्कर कारागीर म्हणाले, "मावशी, संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडा फुगतो. माप तेव्हा घ्यावं."

मगरिबनंतर गेलो. त्यांनी अम्मीला कागदावर उभं करून दोन्ही पाय आखले. उजवा पाय डाव्याहून रुंद निघाला! मग ठरलं: अंगठा नको, तळ पुढून रुंद, पट्टा मऊ आणि गाठ सोडून, टाचेखाली मऊ गादी.

चपलेने हाड सरळ होत नाही. दुखणं वाढलं तर हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवावं. पण चार दिवसांनी जोड मिळाला आणि अम्मी रंकाळ्याच्या काठाने बरंच अंतर चालली. बाकावर टेकत म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह! भाचीच्या निकाहला जाऊ या गं."