सामाईक फोल्डर आणि इतर अधिकार

'सामाईक' या शब्दाला आपल्याकडे भांडणाचा वास आहे. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक बांध हे शब्द घरापेक्षा दिवाणी न्यायालयातच अधिक ऐकू येतात. डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या एका छोट्या वाहतूक कचेरीत पाच संगणक जोडून सामाईक फोल्डर करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तंत्रापेक्षा या शब्दानेच मला अधिक अडवले.

तंत्र थोडक्यात सांगता येते. विंडोजमध्ये अशा फोल्डरला दोन उंबरठे असतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला पहिला लागतो 'शेअर'च्या परवानगीचा, दुसरा एनटीएफएस या फाइलव्यवस्थेच्या परवानगीचा. दोहोंत जी कडक, ती लागू होते. कोणी केवळ वाचावे, कोणी बदल करावा, कोणी इतरांना अधिकार वाटावेत, हे नावानिशी नोंदवावे लागते. 'एव्हरीवन'ला सगळी मुभा देणे सर्वांत सोपे. मालकांचाही आग्रह तोच होता : "आपण सगळे घरचेच." पण नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्येही सापडत नाही, आणि घरच्यांत ती कोणी पुसली, हे विचारायचे कोणी?

नावांपुढे अधिकार लिहिताना सातबारा आठवला. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराच्या नावासोबत कूळ, खंड आणि इतर अधिकार यांचा रकाना असतो. एकाच जमिनीवर अनेकांचे निरनिराळे हक्क असू शकतात, हे शहाणपण त्या रकान्यात आहे. कागदावर नाव नसले की काय होते, हे या परिसराला शिकवावे लागत नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. कसणारे तेच होते. कसण्याच्या हक्काची शाश्वती मात्र नव्हती. १९३९च्या कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आणली.

कचेरीत वजनकाट्याच्या पावत्या नोंदवणाऱ्या मुलीला, महिना संपला की तो फोल्डर तिच्यासाठी 'फक्त वाचण्यासाठी' होईल, असे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे लिहायचं मी आणि कुलूप लावायचं तुम्ही, सर?" प्रश्न रास्त होता. तिच्या नोंदीला कोणी तिच्या माघारी हात लावू नये यासाठीही हे कुलूप आहे, हे उत्तर खरे होते. पण मालकांना बदलाची मुभा असेपर्यंत ते अपुरे होते.

वाट पुन्हा तलाठ्याच्या दप्तरानेच दाखवली. तिथे जुनी नोंद पुसून नवी लिहीत नाहीत. फेरफाराला क्रमांक पडतो आणि कमी झालेले नावही दप्तरात उरते. आम्हीही तसेच ठरवले : संपलेला महिना मालकांसह सर्वांना वाचण्यापुरता, दुरुस्ती चालू महिन्यात, नव्या ओळीत, तारीख आणि नाव घालून. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, कारण एकाच पासवर्डाने पाचजण आत येत असतील तर अधिकारांच्या यादीला अर्थ उरत नाही. मालकांना हे पटायला दोन दिवस लागले.

तरीही एक गाठ सुटत नाही. ॲडमिनिस्ट्रेटरला कोणत्याही फोल्डरची मालकी स्वतःकडे घेता येते. अधिकार वाटण्याचा अधिकार कुणा एकाच्या हाती राहतोच. तो नाहीसा करता येत नाही, उघड करता येतो. म्हणून कोणाला कशाची मुभा आहे आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कोणापाशी आहे, याची मराठीत लिहिलेली यादी कपाटाच्या दारावर चिकटवली. तिच्यातले पहिले नाव पावत्या नोंदवणारीचे आहे.