परसांतील मांडव

मांडव हा शब्द कानीं पडला कीं लग्नकार्य डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु गृहस्थाश्रमाचा निकट संबंध पाहिला तर तो परसांतील कारल्या-दोडक्यांच्या मांडवाशींच अधिक आहे. लग्नाचा मांडव चार दिवसांत सुटतो. हा भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत घरास भाजी पुरवितो. धाराशिवाकडील जुन्या घरांत मोरीचें पाणी जेथें बाहेर पडे तेथें अळूचा वाफा आणि त्याच्या कडेस वेली, अशी रचना सर्रास असे. बालाघाटाच्या माथ्यावरील हा मुलूख पर्जन्यछायेंतला. पाऊस ओढ देतो, विहिरी उन्हाळ्यांत तळ दाखवितात. तेव्हां स्वयंपाकघरांतून निघालेलें पाणी वायां न घालविण्याची ही युक्ति आमच्या घरांतील बायकांस कोणी शिकवावी लागली नाहीं.

पूर्वीं मात्र आमच्याकडे वेलींकरितां निराळा मांडव घालीत नसत. घर माळवदाचें, दगडमातीच्या रुंद भिंती, आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. भिंतीस तुराट्यांची ताटी टेकवावी, वेल माळवदावर सोडावी, कीं काम झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंप झाला, आणि लातूर जिल्ह्यांत व आमच्या जिल्ह्याच्या उमरगा भागांत हजारों माणसें अशाच भिंतींखालीं, अशाच मातीच्या ओझ्याखालीं गाडलीं गेलीं. आमचें घर दूर होतें म्हणून वांचलें; तरी त्यानंतर कित्येक रात्रीं घरांतील मंडळी छताखालीं निजावयास धजली नाहीं. परसांत सतरंज्या पडल्या. आमच्या मातोश्रींनीं त्या वर्षापासून माळवदावर पाटीभर माती चढवूं दिली नाहीं, आणि भोपळ्याची वेलसुद्धां वर जाऊं दिली नाहीं. वेलीचें ओझें तें कितीसें, असें आम्हीं त्यांस म्हटलें नाहीं. म्हणण्याजोगे ते दिवस नव्हते. पुढें माळवद उतरून स्लॅब आला. तो उन्हानें असा तापतो कीं त्यावर टेकलेलीं कोंवळीं फळें होरपळून जातात. याप्रमाणें वेलींस स्वतंत्र मांडव घालणें भाग पडलें, आणि वेल चढते तरी कशी, हा विचार तेव्हां सुचला.

मनुस्मृतींत प्रतान आणि वल्ली असे दोन भेद सांगितले आहेत. कुल्लूकभट्टांनीं टीकेंत त्यांचा उलगडा केला आहे तो असा: काकडी, दुधी यांसारखीं तंतु असलेलीं तीं प्रतानें, गुळवेलीसारख्या जमिनींतून निघून झाडावर चढतात त्या वल्ली. चार्ल्स डार्विन यांनींही चढणाऱ्या वनस्पतींवरील आपल्या १८६५ सालच्या प्रबंधांत, वेटोळें घालून चढणाऱ्या आणि तणाव्यानें धरून चढणाऱ्या अशा वेली वेगळ्या मांडल्या. दोघांचें म्हणणें परसांत उतरवून पाहावें. वाल, गोकर्ण, गुळवेल यांस उभी काठी किंवा ताणलेली सुतळी पुरते. खोड स्वतःच तिच्याभोंवतीं फिरत वर जातें. कारलें, दोडकें, दुधी यांचा तणावा मात्र नाजूक. जाड खांबास त्याचा वेढाच बसत नाहीं. त्यास बोटाहून बारीक कांहीं हवें, तार, सुतळी अथवा तुराटी. एकदां पकड मिळाली कीं तणावा मळसूत्रासारखा पिळत जातो, अर्धा एका बाजूस व अर्धा उलट बाजूस. म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यांत तो तुटण्याऐवजीं ताणला जाऊन पुन्हां आखडतो. जाई-जुई यांस असले हात नाहींत. त्या नुसत्या रेलतात, तेव्हां त्यांस जागोजागीं सैल बांधावें लागतें. शकुंतलेची वनज्योत्स्ना आम्रवृक्षावर विसावली खरी. परंतु काव्यांत फांदी मोडत नाहीं. (हा सर्व प्रकार मुलांच्या शिक्षणास लावून दाखविण्याचा मोह, जन्म शाळेंत गेलेल्या माणसास, होतोच, वाचकांच्या कृपेनें तो येथें आवरतों.)

मांडव बीं टोंचण्यापूर्वीं उभा करावा. वेल वाढल्यावर खड्डे खणूं गेल्यास मुळें दुखावतात. आमच्याकडील काळी माती पावसानें फुगते व खांब कलतो. म्हणून खड्ड्यांत मुरूम व दगड ठासून मगच खांब रोवावा आणि बुडाशीं डांबर फांसावें, म्हणजे वाळवी लवकर लागत नाहीं. वेल छपरापर्यंत पोंचेतों बगलेचे फुटवे काढीत जावें. वर गेल्यावर तिला मोकळी सोडावी. पडवळ वांकूं नये म्हणून टोंकास खडा बांधण्याची जुनी रीत आहे, ती अजून उपयोगी पडते. दोडक्याचें फूल संध्याकाळीं उमलतें, घोसाळ्याचें सकाळीं. तेव्हां त्या त्या वेळीं औषध मुळींच फवारूं नये, नाहींतर परागवाहक कीटक मरून फळें धरणार नाहींत.

उंचीचा प्रश्न आमच्या घरीं ऋषिपंचमीनें सोडविला. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य. भाजी परसांतली हवी आणि मातोश्रींस ती स्वतः तोडावयाची असे. म्हणून त्यांनीं हात वर केला, आणि जेथें बोटें पोंचलीं तेथें आम्हीं तार ओढली. ती सहा फुटांहून थोडी खालींच आली. घरांतील उंच मुलगे आजही वांकून जातात आणि कुरकुरतात. हल्लीं नांगरट ट्रॅक्टरनें होते, मग बाजारच्या भाजींत बैलाचे कष्ट उरले कोठें, असा शास्त्रार्थ आमच्या एका नातवानें काढला. मातोश्री आज नाहींत. सुनबाईंनीं त्यास उत्तर न देतां हातीं टोपली दिली आणि दोडकीं तोडावयास मांडवाखालीं पिटाळलें.

मार्गशीर्षांत वेली वाळूं लागल्या कीं तारा सोडून गुंडाळाव्यात, तुराट्या चुलीस द्याव्यात. एक-दोन घोसाळीं मात्र वेलीवरच पुरतीं वाळूं द्यावींत. साल सोलली कीं आंतील जाळी अंग घासावयास होते, आणि हलवितांच जें काळें बीं खालीं पडतें तें राखेंत घोळून पुढल्या आषाढाकरितां फडक्यांत बांधून ठेवावें.